भाविकाच्या पिशवीचं रबर

लीलाधरला तुटकी वस्तू बघवत नसे. अमळनेरला एसटी स्टँडमागं त्याचं सायकलचं दुकान होतं, तेव्हापासूनची ही खोड. पंक्चर काढायला आलेल्या माणसाच्या पिशवीचा बंद उसवलेला दिसला, तरी हा आधी बंद बांधायचा, मग चाकाला हात लावायचा. कापसाची ट्रॉली भरली की दोर आवळायला लोक त्यालाच हाक मारत. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यानं निम्म्या तालुक्याचे मोटारीचे पाइप, कॅरिअर आणि खाटा जखडून ठेवल्या होत्या.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या आणि दुकान बसलं. तेवढ्यात धुळ्याबाहेरच्या एका मोकळ्या धावपट्टीवर विमानातून उड्या मारायचा कॅम्प सुरू झाला. लीलाधरची मुलगी भाविका तिथं ऑफिसात लागली, आणि तिनंच बापाला पॅराशूटच्या घड्या घालायला आत घेतलं. लेकीच्या वशिल्यानं बाप नोकरीला लागला म्हणून गावानं चारचौघांत त्याची चेष्टा केली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट तो ते आपणच सांगत फिरायचा.

काम शिकवलं सारिका मॅडमनी. त्या कॅम्पच्या मुख्य, पुण्याच्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. पॅराशूटचं कापड घडी करून एका लहान पिशवीत कोंबायचं. त्याच्या दोऱ्या नागमोडी दुमडून एकेक दुमड पिशवीवरच्या रबरात अडकवायची. पहिल्या काही दुमडी पिशवीचं तोंडच बंद करतात. वर दोरी ताणली गेली की रबरं एकामागून एक दुमड सोडतात, तोंड उघडतं, कापड बाहेर येतं. जाड दोरीला मोठं रबर, बारीक दोरीला लहान. दोन डबे त्यांनी त्याच्यापुढं ठेवले आणि सांगितलं, यातलंच लावायचं, दुसरं काही नाही.

लीलाधर हाताचा पक्का. घडी अशी घालायचा की बघत राहावं. पण ती रबरं तुटायची. धुळ्याचा वैशाख, पत्र्याची शेड. दुपारपर्यंत त्याच्या पायाशी तुटक्या रबरांचा सडा पडायचा आणि प्रत्येक तुकडा त्याला टोचायचा. "हाई काय सामान शे," तो पुटपुटायचा.

त्यात एका पोराचं पॅराशूट हवेत धाडकन उघडलं. दोऱ्या सगळ्या एकदमच सुटल्या, पोराची मान आखडली. पिशवी परत आली तेव्हा तोंडाजवळचं एक रबर तुटलेलं होतं. सारिका म्हणाल्या, रबर जुनं होतं, सैल होतं, तिथं मापाचं नवं हवं होतं. लीलाधरनं त्यातलं एवढंच ऐकलं की रबर तुटलं. बाकीचं त्याच्या कानाबाहेरूनच गेलं, आणि घात तिथंच झाला.

भाविका वर्षभर उड्या शिकत होती. आजवर शेजारी शिकवणारा असायचा. त्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी उडी मारणार होती. घरी बायकोनं, बेबाबाईनं, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. निघताना तेवढं म्हणाली, "पोरले काही व्हयनं ते घर मा येऊ नका." लीलाधर हसला खरा, पण ते हसू एसटीत बसेपर्यंतही टिकलं नाही.

भाविकाच्या पॅराशूटची घडी त्यानं कुणाला घालू दिली नाही. सारिका विमानापाशी होत्या. त्यानं खिशातून सायकलच्या ट्यूबची कडी काढली. रात्रीच कापली होती. काळी, जाड, चिवट. पिशवीच्या तोंडाजवळची दोन्ही रबरं काढली, त्या जागी कडी घातली आणि दुमडींवर दुहेरी आवळली. मग बोट घालून ओढून पाहिलं. हललं नाही. "हाई तुटाव नही," तो स्वतःशीच म्हणाला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं. दुसऱ्यांच्या पोरांना त्यानं डब्यातलं रबर लावलं होतं. आपल्या पोरीला चांगलं लावलं.

विमान उडालं. कॉलेजची काही मुलं बघायला आली होती, सारिका त्यांना शेडमध्ये एक रिकामी पिशवी दाखवत होत्या. लीलाधर चहाचा कप घेऊन मागं उभा होता.

"हे रबर मुद्दाम कच्चं असतं," त्या म्हणाल्या. "एखादी दुमड अडकली तर ते तुटलंच पाहिजे. नाही तुटलं तर पिशवी बंदच राहते आणि माणूस बंद पिशवीसकट खाली येतो."

लीलाधरच्या हातातला चहा सांडला. सारिकांच्या कमरेला वायरलेस होता. एक हाक मारली असती तर विमान परत फिरलं असतं. पण मुलं होती, मॅडम होत्या, आणि तोंड उघडायचं म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं. लाज वाटली त्याला. त्या वेळची ती लाज! विमान घिरट्या घेत वर चढत गेलं आणि हा चहाचा डाग पुसत बसला.

शेवटी आवाज फुटला. "मॅडम, इमान मांगे बलावा."

"का? काय झालं, भाऊ?"

तो नुसतंच बलावा, बलावा म्हणत राहिला. सारिकांनी वायरलेस तोंडाशी नेला. वरून उत्तर आलं, भाविकानं आत्ताच उडी मारली.

ठिपका खाली येत होता. ठरल्या उंचीवर त्याच्या मागं काहीतरी फडफडलं आणि तसंच राहिलं. कापड दिसेना. दोऱ्यांच्या टोकाला काळी पिशवी गरगरत होती. सारिकांनी दुर्बीण लावली. "सोडून दे," त्या दबक्या आवाजात म्हणू लागल्या. "सोड ते, राखीव पॅराशूट उघड. भाविका, आता. अगं, आता." भाविका काहीच करत नव्हती. कपाशीच्या रिकाम्या शेतांवर ती पडत होती. लीलाधरला बेबाबाईचं निघतानाचं बोलणं आठवलं.

झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर पांढरं राखीव पॅराशूट फाडकन उघडलं आणि लगेच नांगरटीत टेकलं.

जीप पोचायच्या आत लीलाधर बांधावरून धावत पोचला. भाविका ढेकळांत बसली होती. घोटा सुजला होता, ओठ पांढरे पडले होते. बाप दिसताच तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि रडू लागली. मागून सारिका आल्या.

"एवढा वेळ का थांबलीस? शिकवलं होतं ना, उघडलं नाही की लगेच सोडायचं?"

"मॅडम, घडी आबांची होती," भाविका म्हणाली. "दुसऱ्या कुणाची असती तर मी लगेच सोडली असती. आबांची घडी आजवर कधी अडकली नाही. वाटलं, आता उघडेल, आता उघडेल." मग बापाकडं वळून हळूच म्हणाली, "आबा, तुम्हना भरोसा व्हता माले."

सारिकांनी लीलाधरकडं पाहिलं. "भाऊ, विमान परत बोलवायला का सांगत होता?"

अडकलेली पिशवी अजून कुठल्या तरी शेतात पडलेली होती. ती कुणाला सापडायच्या आत लीलाधरनं सगळं सांगितलं. ट्यूब कापली ते, दुहेरी आवळली ते, आणि शेडमध्ये ऐकूनही गप्प राहिला तेही. भाविका ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि सारिकांचा खांदा धरून जीपकडं लंगडत निघाली.