चेहरा ओळखणारं मशीन

आमच्या बोईसरच्या कारखान्यात नवं मशीन घ्यायचं, तर आधी मेंटेनन्सवाला त्याची परीक्षा घेतो. नव्या जावयाशी बोलावं तसा तो मशीनशी गोड बोलतो आणि खोड शोधतो. हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन आलं, तेव्हा त्यानं मलाच पुढं ढकललं. बायकोच्या दहाव्याला मी डोक्याचे केस, मिशी सगळं उतरवलं होतं. मशीनमध्ये फोटो जुन्या ओळखपत्रावरचा, मिशीवाला. ते मला ओळखेना.

"काकांचे केस येऊ द्या, मग ओळखेल," मशीन विकणारा म्हणाला.

"तोवर काकांचे खाडे धरायचे काय? तुझं मशीन नापास हाय. घेऊन जा."

खरं सांगतो, मशीनची काय चूक नव्हती. बायको असती, तर तिनंही मला दारातच विचारलं असतं, "कोण पायजे?"