पहिली चूक दखा, मावशी

संगणकाच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींचा ढीग पडला, की ती बोट खालून वर नेत जायची. वर, आणखी वर. मग एका ओळीवर बोट टेकवून म्हणायची, "पहिली चूक दखा, मावशी. बाकीन्या सगळ्या तिन्या पोरी शेतस." बाकीच्या चुका त्या पहिलीच्याच पोटच्या, असं तिचं म्हणणं.

मावशी म्हणजे मी. धडगावला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. ती नंदुरबारकडच्या कोरीटची, बोली अहिराणी, कंत्राटावर संगणक शिकवायला आलेली. मुली तिला ताई म्हणत, म्हणून मीही.

वसतिगृहाला मिळालेले संगणक जुने होते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यांच्यावर बसेना. गृहपाल मॅडमनी सांगून टाकलं, की बाजाराच्या दिवशी भंगारवाला येईल. तोवर एक तरी चालू करून दाखवा, नाहीतर सगळे जातील. मुलींना टायपिंगच्या परीक्षेला बसायचं होतं. सरावाला दुसरं काही नव्हतं.

तयार सॉफ्टवेअर या यंत्रांना चालत नाही, इथंच बनवावं लागेल, असं ताई म्हणाली. मला कळेना. मग तिनं माझ्या परातीकडे बोट दाखवलं. बाहेरची भाकरी पचत नसेल तर पीठ आणायचं आणि घरी थापायची, तसंच हे. ती एकच इंग्रजी शब्द टाइप करायची, मेक, म्हणजे बनव, की यंत्र थापायला लागायचं. मग कुठंतरी अडायचं.

मुली दारातून विचारायच्या, ताई, आजपण काळाच पिक्चर का? ती मागं न बघता म्हणायची, हिरो यायचाय, बसा.

एकदा पहिली चूक सापडली ती अशी, की सॉफ्टवेअर बनवायला लागणारं एक सामानच कमी होतं. आमच्याकडे नेटला रेंज नाही. ती जीपमध्ये दाटीनं बसून घाट उतरली आणि नंदुरबारहून ते पेनड्राइव्हमध्ये घेऊन आली. ओढणीच्या गाठीत बांधलेलं, सोन्याचा मणी असल्यासारखं.

बाजाराच्या दिवशी पडद्यावर ओळी भराभर धावत होत्या. खाली भंगारवाल्याचा टेम्पो लागला आणि तेवढ्यात लाइट गेली. अर्धी भाजलेली भाकरी तव्यावरून काढली की तिचं काय होतं, मला माहीत आहे. मी म्हटलं, ताई, सगळं वाया गेलं.

"व्हयनं ते वाया जात नही. जठे थांबनं, तठून पुढे."

मी खाली गेले. परक्या माणसाशी मी कधी बोलत नाही. त्या दिवशी भंगारवाल्याला चहा दिला, मग पोहे, मग त्याच्या गावाची विचारपूस केली. लाइट आल्यावर वर ताईनं पुन्हा तोच शब्द टाइप केला. यंत्रानं झालेलं तसंच ठेवलं, जिथं थांबलं होतं तिथून पुढचं धरलं. थोड्या वेळानं मुलींचा गलका खाली ऐकू आला, पडद्यावर मराठी अक्षरं उमटली होती. टेम्पो रिकामा गेला.

त्यानंतर भांडी आवरली की ती मला संगणकासमोरच्या खुर्चीवर बसवायची. मी म्हटलं, माझी शाळा चौथीतच सुटली.

"मंग? तठून पुढे."

तिचं कंत्राट संपलं तेव्हा एकच यंत्र चालू करायचं बाकी होतं. जीपमध्ये चढताना तिनं पेनड्राइव्ह माझ्या पदराच्या टोकाला बांधला.

काल मी तो त्या उरलेल्या यंत्राला लावला. मेक टाइप केलं. ओळी धावल्या आणि अडल्या. मागं मुली उभ्या होत्या. चुकीला काय शब्द येतो, तेवढं इंग्रजी आता मला ओळखू येतं. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि खालून वर नेऊ लागले. वर, आणखी वर.