उलटं धरलेलं पुस्तक

मल्लिकार्जुन गुरुजींना सदर मुदर्रिस, म्हणजे शाळेचे मुख्य, केल्याचा उर्दू हुकूम तालुक्याहून आला आणि त्याच दिवसापासून हणमंतप्पा गुरुजींनी त्यांच्याशी सरळ तोंडानं बोलणं टाकलं.

ईटच्या अलीकडचं गाव. निजामाचं राज्य, शाळा सरकारी, मास्तर तीन. हणमंतप्पा सगळ्यांत थोरले, तीस वर्षं पहिलीचा वर्ग धरून बसलेले. मल्लिकार्जुन त्यांच्याच हातच्या छड्या खाऊन मोठे झालेले. आता सोळा वर्षांच्या नोकरीनंतर ह्या चेल्यानं गुरूच्या वर्गात बसायचं, शिकवणं बघायचं, चुकलं तिथं सांगायचं, असं हुकमात लिहिलेलं. लिहिणाराचं काय जातंय, त्याला कुठं ह्या गावात राहायचं होतं!

"हजेरी बघा, सह्या करा," मल्लिकार्जुनांची बायको जगदेवी म्हणाली. "त्यांच्या वर्गात तेवढं जाऊ नका."

"हुकूम हाय."

"हुकूम कागदावर ऱ्हातो. मला आडावर त्यांच्या सुनंशेजारी घागर बुडवायची हाय."

मल्लिकार्जुन गेलेच. पोरं चौथीच्या आत शाळा सोडून जनावरांमागं का जातात, हे कोडं त्यांना वर्षानुवर्षं छळत होतं. गुरूपुढं खुर्ची घेणं बरं दिसेना, म्हणून पोरांत तरटावर मांडी घातली.

"आलं का नवं पोरगं?" हणमंतप्पा म्हणाले. "पाटी आणलीस का रं?"

वर्ग खिदळला. मग धडा सुरू झाला. तीस पोरं अशी ओरडायची की वेशीपर्यंत ऐकू जावं. गावाला त्याचंच कौतुक. शेजारच्या पोराचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचवीवर. मल्लिकार्जुनांनी हळूच त्याचं पुस्तक उलटं केलं. पोरगं न अडखळता म्हणतच राहिलं.

इथं मुकाट उठायचं होतं. सांजच्याला गुरूच्या घरी जाऊन, पाया पडून, चौघांच्या माघारी सांगायचं होतं. पण माणूस तापला की त्याला सांज सुचत नाही. ते पुस्तक सगळ्या वर्गापुढं वर धरून ते म्हणाले, "गुरुजी, हे नुसतं पाठ हाय. वाचता एकालाबी येत न्हाय."

दारात हणमंतप्पांचा व्याही धोंडप्पा नातवाला न्यायला आलेला. झालं! दिवे लागायच्या आत गावभर झालं, मल्लिकार्जुन पोरांना सरस्वती उलटी धरायला लावतो म्हणून.

न्हावी म्हणाला, उद्या या. असे आठ उद्या गेले. आडावर जगदेवी आली की बाकीच्या बायका घागरी उचलायच्या.

तरी मल्लिकार्जुन पुन्हा हणमंतप्पांकडं गेले. "रोज एक तास वर्ग मला द्या. तुमी नुसतं बघा."

"म्या बघू? तुला नाक पुसायला म्या शिकवलं!"

मग मल्लिकार्जुनांनी चार पोरं आपल्या ओसरीवर घेतली, ज्यांच्या आईबापांना कुणी विचारत नव्हतं अशांची. धुळीत बोटानं आड, घागर, भाकर लिहून घ्यायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, "सदर मुदर्रिस मातीत खेळतोय."

गावानं मल्लिकार्जुनांविरुद्ध तालुक्याला अर्ज केला, शाळा तपासणारे साहेब आले. साहेब परमुलखातले, मराठी अक्षर ओळखीचं नाही. हणमंतप्पांच्या वर्गातल्या एका पोरानं धडा घोड्यासारखा पळवला. "वाह!" साहेब म्हणाले. मग ओसरीवरची धनगराची सारजा उठली. साहेबांनी पुढं केलेलं नवंच पान ती वाचू लागली, "वि... ही... र." एक एक अक्षर, लंगडत. लोक हसले. मल्लिकार्जुनांनी घाईनं त्या पहिल्या पोराचं पुस्तक उलटं केलं, आणि पोरगं तसंच पळत सुटलं.

"साहेब, बघा, उलटं हाय!"

साहेबांनी पान न्याहाळलं. त्यांना ते सुलटही तसंच दिसत होतं. "पढ तो रहा है," ते वैतागून म्हणाले.

पंधरवड्यात हुकूम फिरला. हणमंतप्पा सदर मुदर्रिस, आणि मल्लिकार्जुनांना शिक्षा म्हणून पहिलीचा वर्ग. पेढे वाटले गेले; एक घर सोडून.

"हसताय काय?" जगदेवी चिडली. "तोंड काळं झालं गावात."

"अगं, एक तास मागत होतो तर आख्खा दिवस दिला की!"

वर्ष गेलं. पहिलीतनं ओरडा ऐकू येईना. चावडीवर बसून बलभीम मास्तर, तिसरे मास्तर, म्हणायचे, "शाळा मेली हो." शेवटी हणमंतप्पा तपासायला आले. हुकूम तोच, फक्त माणूस बदललेला. ते मात्र खुर्चीवर बसले. पुढच्याच तरटावर त्यांची नात इरम्मा वाचत होती. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक ओढलं, उलटं करून परत दिलं, आणि मल्लिकार्जुनांकडं बघून म्हणाले, "वाच."

पोरगी गप्प. हणमंतप्पांच्या मिशीत हसू आलं.

"वाच की!"

"कसं वाचू, अज्जा? उलटं दिलंय तुमी." तिनं पुस्तक फिरवलं, अक्षरावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

हणमंतप्पा उठले. जाताना त्यांची खुर्ची पडली, ती त्यांनी उचलली नाही. त्यानंतर मल्लिकार्जुनांशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत, आणि त्या वर्गात परत तपासायलाही आले नाहीत.