अधोवस्त्र समिती

मी मोहोपाड्याच्या कॉलनीत राहतो आणि जवळच्या केमिकल कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून कारखान्यातल्या आम्ही सहाजणांनी चौक गावाच्या बाजूने, डोंगरवाटेने माथेरानला पायी जायचं ठरवलं. ठरवलं जूनमध्ये, निघालो ऑगस्टमध्ये. मधले दोन महिने कमरेखाली काय घालायचं यात गेले.

कमरेवरचा प्रश्न नव्हताच, रेनकोट सगळ्यांकडे होते. पँटचा विषय मात्र आमच्यातल्याच सेफ्टी ऑफिसरांनी हातात घेतला. निवृत्तीला आलेले गृहस्थ. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी परवान्याचा कागद मागणारे. त्यांनी मोबाइलवर गट काढला आणि त्याला अगदी गंभीरपणे ‘अधोवस्त्र समिती’ असं नाव दिलं.

मग रोज चर्चा. स्कूटरवाल्यांची पँट खडकावर घासून फाटेल. रबराची जड होईल. कुणीतरी म्हणालं, घाम बाहेर सोडणारं कापड मिळतं. ते खरं की खोटं हे पाहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी केमिस्ट. मी प्रयोगशाळेत एका बीकरच्या तोंडाला ते कापड ताणून बांधलं आणि वरून पाणी ओतलं. तासभरात आत थेंब पडला नाही. फोटो टाकताच गटावर टाळ्याच टाळ्या. बीकरमध्ये गरम पाणी ठेवून वाफ बाहेर जाते का, हे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि हेच काम मी तीस वर्षं करतोय.

बायकोने एकदाच विचारलं, “भिजायचं नव्हतं तर पावसात निघालात कशाला?” हा मुद्दा मी समितीपुढे ठेवला नाही.

शेवटी सगळ्यांनी एकसारखी पँट मागवली. निळी, कमरेला नाडी, घोट्याला घट्ट इलॅस्टिक.

रविवारी सकाळी गाव मागे टाकून चढाला लागलो. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. वारा नाही, अंगाला चिकटणारी दमट हवा. पाव तासात माझ्या पँटच्या आत पाऊस सुरू झाला. बाहेर अजून एक थेंब नव्हता. बारा पायांची खसखस तेवढी रानात ऐकू येत होती.

मागून एक बाई भराभर चढत आल्या. वय माझ्याएवढंच. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात साध्या चपला. माथेरानच्या एका हॉटेलात खोल्या झाडायचं काम करतात, रोज याच वाटेने वर जातात, असं त्यांनी न थांबताच सांगितलं.

“बाजूला व्हा दादा, मला येळेत पोचायचं हाय.”

“ताई, पाय भिजतील की तुमचे,” सेफ्टी ऑफिसर काळजीने म्हणाले.

“भिजतात ना. मंग सुकतात.”

“आमच्या पँटमध्ये पाणी शिरतच नाही.”

बाईंनी माझ्या कपाळावरून निथळणारा घाम बघितला. “आन् आतलं भायेर कुठून येतं?”

ऑफिसर हसले. मला हसू आलं नाही.

एवढ्यात सर आली आणि पुढचा ओढा आमच्या देखत फुगला. बाई लुगडं आवरून पलीकडे गेल्या. मी त्यांच्या मागे दगडांवरून निघालो, शेवटच्या दगडावर घसरलो आणि कमरेइतक्या डोहात बसलो. लागलं काही नाही, पण उठता येईना. कमरेतून पाणी आत शिरलं होतं आणि घोट्याचं इलॅस्टिक ते सोडत नव्हतं. पँटचे दोन्ही पाय टम्म फुगलेले. समितीचे पाचही सदस्य काठावरून सूचना देत होते. बाई मात्र परत फिरल्या.

“अवो, पखाल झाली तुमची!” म्हणत त्या वाकल्या आणि त्यांनी घोट्याचं इलॅस्टिक ओढलं. भसकन पाणी बाहेर आलं. “काढा आता ती. आत चड्डी हाय ना?”

होती. मी पँट काढून पिशवीत कोंबली. थोड्याच वेळात आणखी चौघं एकेक करून झाडामागे जाऊन आले. सेफ्टी ऑफिसर तेवढे अढळ राहिले. म्हणाले, “निर्णय सर्वानुमते झालाय.”

माथेरानला पोचेपर्यंत त्यांच्या जांघा सोलवटल्या होत्या. पाय फाकवून ते कसेबसे बाजारापर्यंत आले. दस्तुरीला, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथे, जायला त्यांच्यासाठी घोडा ठरवला. ते जवळ गेले आणि पँट खसखसली. घोड्याने कान मागे टाकले आणि तो मागे सरकला. पुन्हा खसखस, पुन्हा घोडा मागे.

“साहेब, प्लास्टिक उतरवा. जनावर बुजतंय,” घोडेवाला म्हणाला.

भर बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर साहेबांनी पँट उतरवली. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. मक्याचं कणीस खाणाऱ्या एका कुटुंबाने फोटो काढला. साहेबांनी पँटची नीट घडी केली, ती छातीशी धरली आणि घोड्यावर बसून पाठ ताठ ठेवून निघून गेले. उरलेले चौघं त्यांच्याबरोबर टॅक्सीने उतरले.

मी थांबलो. चहा पीत होतो तेवढ्यात गटावर साहेबांचा अहवाल आला : “किरकोळ घटना. मूळ कारण – घोडा.”

पाच वाजता बाई कामावरून सुटून बाजारातून निघाल्या. वाट ठाऊक असलेलं माणूस बरं, म्हणून मी त्यांच्या मागे पायीच उतरू लागलो. पाऊस धो धो होता. पाणी उघड्या नडग्यांवरून वाहत होतं. सकाळपासून पहिल्यांदाच गार वाटलं.

“गाव कुठलं तुमचं?” बाईंनी विचारलं.

खालापूरजवळचं, म्हणून मी सांगितलं. घरची भातशेती आहे तेही सांगितलं.

“मंग लावणी केली आसंल.”

“केली. कॉलेजात जाईपर्यंत दर वर्षी.”

“तवा काय घालायचा चिखलात?”

“चड्डी,” मी म्हणालो.

त्या थोडं पुढे जाऊन वळल्या आणि शेवाळलेला एक दगड दाखवून म्हणाल्या, “हितं जपून.”