भिंतीपलीकडचा मिडफिल्डर

आयुष्यात मी ज्या एकाच माणसाचा मनापासून आणि सातत्याने हेवा केला, तो माझा शेजारी होता, जपानी होता आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीही त्याला चेंडूमागे धावण्याचा पगार मिळत होता. मीही त्याच वयाचा. मला नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या एका कंपनीत खुर्चीवर बसण्याचा पगार मिळत होता. नीउ-व्हेनेपमधल्या आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिच्या अलीकडे माझी कंबर दुखायची आणि पलीकडे तो दोरीवरच्या उड्या मारायचा.

हेवा नुसत्या कंबरेपुरता असता तर मी तो गिळला असता. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत रुजलेला, आणि मी आमच्या पेठेच्या संघात मिडफिल्डला खेळायचो. एकविसाव्या वर्षी इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले, वडिलांनी बूट माळ्यावर टाकले, आणि ते काढायला मी कधी वर चढलो नाही. नेमका त्याच सुमाराला हा गृहस्थ जपानमध्ये पहिला सामना खेळत होता. पुढे बेल्जियम, पोलंड, थायलंड, ऑस्ट्रेलिया असं फिरत फिरत तो इथल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात आला. अठरा वर्षांत त्याने दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं. आणि खेळायचा कुठे? तर मिडफिल्डला.

त्याच्या सवयी सांगायला बसलो तर संध्याकाळ पुरणार नाही. रोज दारात बसून तो जुन्या टूथब्रशने बूट घासायचा आणि घासताना त्यांच्याशी बोलायचा. माझ्या बायकोने एकदा विचारलं, तेव्हा त्याने गंभीरपणे सांगितलं की उजव्या बुटाचे आभार मानतो आणि डाव्याची समजूत काढतो. गवतावर पाय ठेवण्याआधी तो वाकून नमस्कार करायचा, मग ते गवत मैदानाचं असो की आमच्या कालव्याकाठचं, जिथे लोक कुत्री फिरवतात. साडेआठला तो झोपायचा. इथे उन्हाळ्यात साडेआठला लख्ख ऊन असतं, पण त्याचा सूर्य वेगळा होता. माझ्या वाढदिवसाला केकचा तुकडा अर्धा राहिला असताना तो सव्वाआठला उठला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. बायकोचा पांढरा रस्सा त्याने तीन वाट्या प्यायला होता, त्यामुळे तिच्या लेखी त्याला सगळे गुन्हे माफ होते. ती त्याला भावजी म्हणायला लागली. ‘भावजी’ हे आपलं जपानी नावाचं मराठी भाषांतर असावं, असं त्याला बरेच महिने वाटत होतं.

शिवाय त्याच्याकडे वह्या होत्या. प्रत्येक सामन्यातल्या स्वतःच्या चुका तो त्यांत लिहायचा, फक्त चुका. मी विचारलं, गोल कुठे लिहितोस? तो म्हणाला, “गोल सगळ्यांनी पाहिलेले असतात.” असल्या माणसाचा हेवा करणंही कठीण. तरी मी नेटाने केला.

मग कोरोना आला. माझं ऑफिस वरच्या बेडरूममध्ये आलं आणि खिडकीतून समोर कालव्याकाठचं गवत. स्पर्धा बंद, क्लब बंद, तरी हा सकाळ-संध्याकाळ फुलांच्या कुंड्या ओळीने मांडून त्यांच्यामधून चेंडू नेत असायचा. बायको मला चहा द्यायला यायची आणि खिडकीशी रेंगाळायची. “भावजी तुझ्याच वयाचे आहेत ना रे?” ती विचारायची. तिला उत्तर माहीत होतं.

जूनमध्ये क्लबने त्याचा करार वाढवला नाही. कचऱ्याची गाडी उद्या येणार आहे, हे सांगावं तशा आवाजात त्याने मला कुंपणापाशी सांगितलं. मी वाईट वाटल्याचा चेहरा केला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा. पास परत देणारं कुणीतरी हवं होतं, मला जमेल का? दीड मीटरचा नियम पाळता येईल, कारण त्याला अंतर वीस मीटर हवं होतं. मी गेलो आणि पाचव्या मिनिटाला मांडीचा स्नायू धरून गवतावर बसलो. आठवड्याने पुन्हा गेलो. मग रोज जात राहिलो. हळूहळू पायाला जुनं काहीतरी आठवायला लागलं. आणि खिडकीतून जे कधी दिसलं नव्हतं ते मला जवळून दिसलं. डाव्या पायावर आलेला चेंडू त्याच्यापासून हातभर लांब पळत होता. मिडफिल्डला हातभर म्हणजे फार झालं. मी पुढचा पास दिला.

सप्टेंबरात जपानमधल्या त्याच्या गावाजवळच्या एका लहान क्लबने खेळाचा व्हिडिओ मागवला. तो मी काढला आणि नीट जोडून द्यायचं कबूल केलं. इथे माझी परीक्षा होती. काही न करता आहे तसा पाठवला असता तरी त्याची कारकीर्द संपली असती आणि मला कुणी दोष दिला नसता. मी तीन दिवस बसून डाव्या पायाची प्रत्येक चूक कापली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याने तो दोनदा पाहिला. मग सावकाश इंग्रजीत म्हणाला, “छान आहे. पण हा मी नाही. डावा पाय परत घाल.”

माझा तोल गेला. “अरे, मग घेणार नाहीत तुला! इतकं सगळं मिळालंय आणि तू ते सोडायला निघालास? मला यातलं एक वर्ष मिळालं असतं तर…”

मी कुठे खेळायचो, हे त्याने विचारलं. तुझ्याच जागेवर, मी म्हणालो. मग इतके दिवस बोलला का नाहीस, असं त्याने विचारलं.

“कारण मला तुझा हेवा वाटत होता.”

भाताचा घास तीस वेळा चावावा तसं त्याने हे वाक्य बराच वेळ चघळलं. मग विचारलं, “मग तुझे पास इतके चांगले कसे यायचे?”

मी डावा पाय परत घातला.

क्लबने त्याला घेतलं, एका वर्षासाठी. पुढे ते कारणही कळलं. आपल्या चुका लपवत नाही असा माणूस त्यांना तरुण खेळाडूंमध्ये हवा होता. जानेवारीत, विमानं मोजकीच उडत असताना, तो गेला. बायकोने कांदा-लसूण मसाला बांधून दिला आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा मला पुन्हा थोडा हेवा वाटला.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही सकाळी सहाला त्याचा सामना संगणकावर लावला. प्रेक्षक थोडे, सगळ्यांना मास्क, ओरडायला बंदी, म्हणून नुसत्या टाळ्या वाजत होत्या. शेवटची सहा मिनिटं राहिली असताना तो मैदानात उतरला. चेंडू त्याच्याकडे चारदा आला आणि चारही वेळा त्याने तो साधेपणाने योग्य माणसाला दिला. बायको म्हणाली, चहा निवतोय. मी कप उचलला नाही. पंच घड्याळ बघत होता, आणि मला वाटत होतं, याने शेवटची शिट्टी जरा उशिराच वाजवावी.