सूचकाचा नारळ

समुद्र आमच्यापासून एसटीच्या रात्रभराच्या प्रवासावर आहे. तरी आमच्या वॉर्डाला गावात ‘चौपाटी’ म्हणतात, कारण तलावाच्या बांधावर संध्याकाळी भेळेच्या दोन गाड्या लागतात. ही गावाबाहेर वाढलेली वस्ती. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला मारुतीचं देऊळ आणि मधे आमच्यासारख्यांनी प्लॉट घेऊन बांधलेली घरं. नगर परिषदेत ही जागा इतकी पक्की समजली जाते, की पेढे आधी येतात आणि मतमोजणी नंतर होते.

जागेचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. आधी मामांचे वडील. मग मामा. सगळा वॉर्ड त्यांना मामाच म्हणतो, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे असतील. एकदा जागा महिलांसाठी राखीव झाली तर मामांच्या आई उभ्या राहिल्या. त्या सभेला एकदाही गेल्या नाहीत, पण निवडून आल्या. पुढे पुन्हा मामा, तेही बिनविरोध. मधे कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक होते, तरी लोक कागदावर सही आणायला मामांच्याच ओट्यावर जायचे.

या इतिहासात आमच्या घराचाही एक कोपरा आहे. उमेदवारी अर्जावर सूचक लागतो, म्हणजे याला उभं करा असं सुचवणारा त्याच वॉर्डातला मतदार. मामांच्या वडलांच्या अर्जावर माझ्या वडलांनी सही केली होती. ते निवडून आले, आणि सही लाभाची ठरली. तेव्हापासून त्या घरचा अर्ज आमच्या घरच्या सहीशिवाय गेला नाही. निकालानंतर सूचकाला टॉवेल आणि नारळ. नारळाची चटणी होते. टॉवेल मात्र इतके साठलेत, की बायको म्हणते, उभं आयुष्य आंघोळ केली तरी पुरतील.

मी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत बियांची उगवण तपासतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. या अनुभवाच्या जोरावर मी गेटवरच्या टपरीवर निवडणुकीचे अंदाजही सांगतो. आमच्या वॉर्डाचा माझा अंदाज कधी चुकला नाही. एकच बी पेरल्यावर चुकणार तरी काय.

आता नाल्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायीच झालं. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर नाला ओलांडावा लागतो. त्यावर पूल हवा, ही मागणी जागेइतकीच जुनी. मागच्याच्या मागच्या निवडणुकीला मामांनी सिमेंटचे चार मोठे पाइप आणून टाकले. पाइप रस्त्याच्या कडेलाच पडून राहिले. एकात शेजाऱ्यांची शेळी व्याली. निवडणुकीआधी विचारलं तर मामा म्हणायचे, आचारसंहिता आहे. नंतर विचारलं तर निधी नाही. आम्ही नाल्यात दगड टाकून त्यावरून ये-जा करायचो. गेल्या वर्षी आई त्या दगडांवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात वाकडाच बसला.

अशात निवडणूक जाहीर झाली, आणि जागा पुन्हा महिलांसाठी राखीव निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्याकडे. बायको बाजारात गेल्ती, आई देवळात.

“भाऊ, मामीचा फॉर्म भरून राह्यलो,” मामांनी कागद पुढं केला. “तुमची सही पाहिजे. मान तुमच्या घरचा.”

“मामा, पण तो पूल…”

“पाइप तर आले न भाऊ. टाकायचेच राह्यले. चहा टाका बरं, जल्दी जायचंय.”

मी चहा टाकला. सही पण केली. का केली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाइपाचं बोलायचंच होतं, पण समोरचा माणूस बशीत चहा ओतून घेत असला की माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. एवढाच माझा स्वभाव, आणि तोही काही चांगला नाही.

संध्याकाळी बायको विहारातल्या बायकांच्या बैठकीहून आली. ती ब्लाउज शिवते. वॉर्डातल्या झाडून सगळ्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. मामांच्या मतदार यादीत मेलेली माणसं सापडतील, हिच्या वहीत नाहीत.

“अहो, मी उभी राह्यले,” पिशवी ठेवत ती म्हणाली. “अपक्ष. पुलासाठी. सगळ्या बायकांनी ठरवलंय. अपक्षाला सूचक जास्त लागतात, तर सह्या घेऊनच आले. पहिली ओळ कोरी ठेवली. म्हटलं, घरची सही वर पाहिजे.”

मी पंख्याकडे पाहिलं.

“काय झालं?”

“सकाळी मामा आल्ते.”

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसाला गप्प राहूनही पकडता येतं.

“मंग करा दुसरी सही.”

“एका जागेला एकालाच करता येते.”

“पाइप पडलेत ते दिसत न्हाईत तुम्हाला? आत्याबाईंचा हात दिसत न्हाई?”

“चहा पीत होते गं ते.”

“चहा पीत होते म्हणून,” ती एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन चालवली नाही, नुसतीच बसली. ते जास्त वाईट.

आई खाटेवरून सगळं ऐकत होती. त्या मानाचं आईला फार होतं. टॉवेल तिनंच घडी घालून ठेवलेले. ती आता मामांची बाजू घेणार म्हणून मी जरा सावरून बसलो.

“तुझ्या बापानं सही केली तव्हा मला कुणी विचारलं न्हाई,” ती म्हणाली. “तू केली तव्हाबी न्हाई. आण गं तो कागद. माझंबी नाव हाये न यादीत.”

“आत्याबाई, हात दुखंल.”

“दुखतोच हाये.”

तिनं पहिल्या ओळीवर सही केली. अक्षरं नाल्याकडे घसरल्यासारखी तिरकी झाली, पण ओळीत राहिली.

छाननीच्या दिवशी अधिकारी अर्ज वाचत होते. मामींचं नाव, मग सूचक म्हणून माझं. नंतर बायकोचं नाव, आणि पतीचं नाव वाचताना ते थांबले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “हे तेच का?”

मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. बायको हसली नाही.

प्रचारात मी तिची पत्रकं वाटली. लोक घ्यायचे आणि म्हणायचे, “म्हणजे तुम्ही नक्की कुणाकडून?” टपरीवर मात्र मी अंदाज सांगायचं बंद केलं.

बायको हरली. पण ते पेढे दुपारपर्यंत उघडता आले नाहीत. मोजणी शेवटच्या फेरीपर्यंत खाली-वर होत राहिली, आणि मामा बाहेर झाडाखाली पाणी मागत राहिले. आमची पक्की जागा पहिल्यांदाच डळमळलेली सगळ्यांनी पाहिली. त्याच महिन्यात जेसीबी आला, शेळी हलवली, पाइप नाल्यात गेले आणि वर पूल झाला. निधी कुठून आला, विचारू नका. मीही विचारलं नाही, पण बायकोनं विचारलं.

उद्‌घाटनाला मामा-मामी आले. रिवाजाप्रमाणे मामांनी टॉवेल आणि नारळ माझ्यापुढे धरला.

“घ्या,” बायको म्हणाली. “तुमचा मान हाये.”

मी घेतला आणि कुठे बघावं ते कळेना. आईनं डाव्या हातानं माझ्या हातातला नारळ काढला आणि सुनेला दिला. तिनं तो पुलाच्या कडेला फोडला, आणि पहिला तुकडा मामींना दिला. मामींनी खाल्ला.

आई पुलावरून पलीकडे गेली, परत आली. मग मामांना म्हणाली, “कठडा कुठंय?”

“होईल न आत्या. पुढच्या…” मामा थांबले. पुढची निवडणूक त्यांच्या अगदी ओठावर आली असावी. त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती नारळाचे तुकडे वाटत होती, एकेका बाईला नावानिशी हाक मारून.

“पुढच्या महिन्यात,” मामा म्हणाले.

मी टॉवेल धरून उभा होतो. बायकोनं तो घेतला, हात पुसले आणि परत माझ्या खांद्यावर टाकला.