डावा खांदा अर्धा इंच खाली

‘हा नाई,’ सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या दिराने बारा वर्षं धुंडाळून आणलेला फोटो त्यांनी त्याच्या हातात परत दिला. तो नुकताच पुण्याहून आष्टीला उतरला होता. पायही धुतले नव्हते. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते तसंच उकळत राहिलं. ‘नीट पाह्य ना, माय,’ तो म्हणाला. ‘पाह्यलं. हा नाई.’

एका गोष्टीच्या मागे लागून आयुष्य घालवणारी माणसं मी बरीच पाहिली, पण माझ्या दिराच्या पासंगाला कोणी पुरणार नाही. आष्टीच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि शोधत होता तो स्वतःच्या बापाचा चेहरा. माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले तेव्हा दीर पोटात होता. ते ब्रह्मदेशच्या लढाईत गेले आणि तिकडेच मेले. आमचे मालक तेव्हा तीन वर्षांचे. त्यांना कधीही विचारा, ते एवढंच सांगत, ‘मले बुटं आठवते.’

फोटो होता. भरतीनंतर नागपुरात काढून सासऱ्यांनी घरी पाठवलेला, तळहाताएवढा, एकच. पण प्रेत आलं नाही, म्हणून रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचं ठरलं. अशा पुतळ्याला डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. सासूबाई तेव्हा वीस-बावीसच्या असतील. त्या अडून बसल्या. ‘नारळाले तोंड कुठी असते? बिनतोंडाचा मानूस मी जाळू देनार नाई.’ आणि त्यांनी तो फोटो नारळावर ठेवला. इतकी शहाणी माणसं जमली होती, पण पोटातल्या पोराचा विचार एकालाही सुचला नाही. आरशाचाही उपयोग नव्हता, कारण दीर हुबेहूब आईवर गेलेला आणि आमचे मालक त्यांच्या मामावर.

घरात उरला होता तो सासऱ्यांचा लग्नातला बंद गळ्याचा कोट. दिराने तो उसवून उसवून त्याचं माप काढलं. गळा साडेचौदा, खांदा अठरा, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. सासरे फौजेत जाण्याआधी वर्ध्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाचे बोजे वाहायचे, तेही डाव्याच खांद्यावर. दीर मला समजावून सांगायचा, ‘वयनी, मिशीनं तोंड बदलते, उपासानं बदलते. खांदा नाई बदलत.’ मी म्हणायची, ‘भाऊजी, खांद्याले हार घालान काय?’ तो हसायचा नाही. या एका विषयावर त्याला हसू यायचंच नाही.

वर्ध्याच्या कोर्टाबाहेर एक अर्जनवीस बसायचा. त्याच्याकडून दीर इंग्रजीत अर्ज टाइप करून घ्यायचा आणि देशात फौजेच्या जेवढ्या कचेऱ्या ठाऊक होतील तेवढ्यांना पाठवायचा. उत्तर सगळीकडून एकच येई. या नंबरच्या शिपायाची नोंद आहे, फोटो नाही. दिराचं म्हणणं, तुमच्याकडे नावं न लिहिलेले फोटो तर असतील? त्यांत शोधा. आणि कसं शोधायचं तेही तो कळवायचा: गळा साडेचौदा, खांदा अठरा, डावा अर्धा इंच खाली. अर्जनवीस कपाळाला हात लावायचा. ‘अरे बाबा, फौजेत माप लिहून पाठवून राह्यला तू? लोकं काय म्हनतीन?’ लोकांनी काय म्हटलं ते महिन्याभराने कळलं. एका कचेरीने गणवेश शिवण्याच्या ठेक्याचा कोरा फॉर्म पाठवला. दिराने तोही नीट घडी करून पेटीत ठेवला. सरकारी कागद आहे, म्हणाला.

याच नादात त्याचं लग्न राहिलं. सिंदी मेघ्याला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी चांगली होती, मला पसंत होती. पण तिचे मामा निघाले फौजेतून पेन्शनीत आलेले. दिराने त्यांना पलटण विचारली, लढाई विचारली, मग म्हणाला, ‘मामाजी, जरा सावधानमधी उभे राहा,’ आणि खिशातली टेप काढून त्यांचे खांदे मोजायला लागला. सावधानमध्ये उभं राहिल्यावर खाली असलेला खांदा वर येतो की नाही, हे त्याला पाहायचं होतं. मुलगी पोह्यांचं ताट धरून तशीच उभी. शेवटी मुलीचा बाप म्हणाला, ‘काहो, पोरगी पाहाले आले का मामा?’ आम्ही पोहे खाऊन परत आलो. एस.टी.त मी त्याच्याशी बोलले नाही. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, ‘नाई येत वर, वयनी. मामाचा उजवा खाली हाय, तो खालीच राह्यला.’ पुढे मुली पाहणं आम्हीच सोडून दिलं.

शेवटी पुण्याच्या एका कचेरीने लिहिलं, जुने फोटो आहेत, येऊन पाहा. दीर गळ्यात टेप अडकवूनच गेला. ती त्याच्या गळ्यात आहे हे त्याच्या ध्यानातही नसे. तिथला कारकून म्हणाला, ‘मास्तर, इथे कपडे शिवून मिळत नाहीत.’ तीन दिवस तो भिंग घेऊन शिपायांचे खांदे पाहत बसला. आधी त्याला शिवण पाहूनच संताप आला. एकाचाही कोट अंगाबरोबर नाही, बाह्यांत दुसरा माणूस मावेल. तिसऱ्या दिवशी एका फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा माणूस सापडला. डावा खांदा खाली. खाली नाव नाही. दिराने त्याची प्रत करून घेतली आणि आगगाडीत बसून वर्ध्यापर्यंत ती छातीशी धरून आणली.

आणि सासूबाई म्हणाल्या, हा नाई.

‘काऊन नाई? खांदा पाह्य ना!’

‘खांदा असंल. हा तो नाई.’

‘मंग तो कसा होता ते तरी सांग. नाक कसं होतं? कपाळ? काही तं सांग, माय!’

लहानपणापासून तो हे विचारत आला होता, आणि सासूबाई दर वेळी ‘होता चांगला’ म्हणून कामाला लागायच्या. त्या दिवशी हाताशी काम नव्हतं.

‘मले याद नाई,’ त्या म्हणाल्या. ‘तू चालाले लागला तवापासूनच याद नाई. लोकं त्याची गोष्ट काढत, मी हो हो म्हनो. तोंड तं मी जाळलं ना रे.’

मला वाटलं, हा आता ओरडेल. मी ओरडले असते. त्याने अगदी हळू विचारलं, ‘मंग हा नाई, हे तुले कसं समजलं?’

‘हा असता तं मले रडू आलं असतं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘नाई आलं.’

मी चहा गाळला. कोणी घेतला नाही.

त्यानंतर दिराने कुठे अर्ज केला नाही. अर्जनवीस मला वर्ध्याच्या बाजारात भेटला की विचारायचा, मास्तर बिमार हायेत काय? बिमार नव्हता. दुकानात बसायचा, मापं घ्यायचा, गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचा. फोटो मात्र त्याने चौकट करून घरात लावला. सारी रांगच्या रांग, नावं नसलेली. पितरांच्या पंधरवड्यात तो सासूबाईंपुढे येऊन उभा राहिला. ‘माय, हार घालू काय?’

‘घाल,’ त्या म्हणाल्या. ‘कोनाचा तं बाप असंलच.’

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. काही वर्षांनी आमचे मालक गेले, आणि मग दीर. आता त्या घरात मी एकटी उरले, आणि सासऱ्यांना मी कधी पाहिलेलं नाही.